चहातलं शुगर-फ्री काकांना चालते, बाबांची साखर वाढवते. असं काहून?

दारव्ह्याचा_पोट्टा | २० ऑगस्ट, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण जाणकारांनी वेळ काढून वाचावा.

माझे बाबा (वय ६४, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू) आणि सख्खे काका (वय ५९, फक्त मेटफॉर्मिन) दोघंही शुगरवाले. घर एक, चूल एक, चहाचं गंज एक. दोघांनीही चहातली साखर सोडून शुगर-फ्री धरलं. काकांची साखर चहानंतर तपासली तर जवळपास जागेवरच असते. बाबांची दीड तासानं पाहिली की ४०-५० नं चढलेली.

आई म्हणते, "ते शुगर-फ्रीच बाधून राह्यलं तुह्या बापाले, त्याच्यापेक्षा गुळाचा चहा बरा." मेडिकलवाला म्हणते, शुगर-फ्रीनं साखर वाढूच शकत नाही, तुमची मशीन खराब असंल. मोबाईलवर तिसरंच फिरून राहिलं, की गोड चव जिभेला लागली की शरीर फसते आणि फुकटचं इन्शुलिन सोडते. एकच वस्तू दोन माणसांच्या रक्तात वेगळी वागू शकते का? सख्खे भाऊ आहेत हो.

आणि महालक्ष्म्या तोंडावर आल्या. बाबांच्या पुरणात काय टाकायचं तेही सांगा.

---

भौ_बोलते | २० ऑगस्ट, रात्री ९.२०

पहिले हे सांग, चहासंगं टोस्ट किती हाणते तुहा बाप?

---

काळी_कसदार | २० ऑगस्ट, रात्री ९.४१

माझं मत स्पष्ट आहे. रसायन ते रसायन. आमच्या आज्यानं जन्मभर गुळाचा चहा घेतला, नव्वदीत गेला, शुगर कशाशी खातात माहीत नव्हतं. आई बरोबर म्हणून राहिली. काळा गूळ आणा, बिनमसाल्याचा.

---

संत्रापट्टा | २० ऑगस्ट, रात्री १०.०५

@काळी_कसदार, तुमचा आजा सकाळी चार वाजता बैल जुंपून दिवसभर तासामागं चालत होता. आपण बसतो पारावर. गुळात लोह वगैरे थोडं असते, मान्य. पण त्यातला बहुतेक भाग सुक्रोजच, म्हणजे साखरच. रक्ताला रंगाचं काही घेणंदेणं नाही. शुगरवाल्या माणसाला "गूळ चालते" सांगणं म्हणजे त्याला फसवणं आहे, स्पष्ट बोलतो.

पोट्टेहो, मशीनचा मुद्दा मात्र सोडू नका. आमच्याकडं वरुड-मोर्शीत मृग बहाराची तोड सुरू होती. वडिलांनी बागेत बसल्या बसल्या संत्रं सोललं, खाल्लं, आणि त्याच बोटाला सुई टोचली. मशीननं ३०० च्या वर दाखवलं. आई रडायला लागली. साबणानं हात धुवून दुसऱ्या बोटाचं घेतलं तर १५० च्या आसपास. फळाचा रस कातडीवर राहतो आणि थेंबात मिसळतो. नुसतं स्पिरिट फिरवून तो नीट निघत नाही, पाण्यानं हात धुवावेच लागतात.

---

भौ_बोलते | २० ऑगस्ट, रात्री १०.११

म्हंजे संत्र्याची शुगर तपासली बुढ्यानं. हाहाहा.

---

पीएचसीवाली_ताई | २१ ऑगस्ट, सकाळी ७.३०

ड्युटीवर जाण्याआधी लिहिते. दारव्ह्याच्या भाऊ, "शुगर-फ्री" हे एका वस्तूचं नाव नाही. डबीतली बारीक गोळी, पुडी, चमच्यानं टाकायची पूड, थेंब, असे प्रकार येतात आणि आतला माल वेगवेगळा असतो. ॲस्पार्टेम, सुक्रालोज, सॅकरिन, स्टीव्हिया हे साखरेपेक्षा शेकडो पट गोड (ॲस्पार्टेम साधारण २०० पट, सुक्रालोज ६०० पट), म्हणून ते कपात चिमटीपेक्षाही कमी लागतात. तेवढ्यानं चमचा भरणार कसा? मग पूड फुगवायला त्यात माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घालतात. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. माल्टोडेक्स्ट्रिन मक्याच्या वगैरे स्टार्चपासून बनते आणि रक्तात ग्लुकोजच्याच वेगानं चढते.

तर बाबा आणि काका एकाच डबीतलं घेतात का? डबी उलटी करून मागचं बारीक वाचा आणि इथं लिहा. चहात दूध किती, सोबत काय खातात, नंतर काय करतात, हेही.

---

शिकून_शेतीत | २१ ऑगस्ट, सकाळी ११.५०

पाऊस लागून आहे, फवारणी बंद, म्हणून लांब लिहितो.

"माणसागणिक फरक पडतो का" याला थोडा आधार आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०२२ मध्ये १२० निरोगी लोकांवर प्रयोग छापला. ही माणसं आधी गोडव्याचे पदार्थ न घेणारी निवडली होती. त्यांना दोन आठवडे सॅकरिन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम किंवा स्टीव्हियाच्या पुड्या दिल्या. पुड्यांत भर म्हणून ग्लुकोज होतं, म्हणून एका गटाला नुसतं तेवढंच ग्लुकोज दिलं आणि एकाला काहीच नाही. सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटांत ग्लुकोज पचवण्याची चाचणी बिघडली, बाकीच्यांत तशी नाही. मजा पुढं आहे. त्याच गटात काहींची चांगलीच बिघडली, काही ठणठणीत. ज्यांची बिघडली त्यांच्या आतड्यातले जीवाणू जंतुरहित उंदरांत सोडले, तर उंदरांतही तसाच कल दिसला. म्हणजे फरक बहुधा पोटातल्या जीवाणूंतून येतो.

इन्शुलिनचं म्हणाल तर अमेरिकेत २०१३ साली १७ लठ्ठ पण शुगर नसलेल्या लोकांवर पाहिलं होतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिण्याआधी सुक्रालोजचं पाणी दिलं, तर साध्या पाण्याच्या तुलनेत इन्शुलिन सुमारे २० टक्के जास्त सुटलं. मोबाईलवरचं बहुतेक त्यातूनच आलं असावं. पण ते लोक नंतर ग्लुकोज प्यायले होते, हे मोबाईल सांगत नाही. २०२० मध्ये येल विद्यापीठाचं आलं: नुसतं सुक्रालोज पिणाऱ्यांत काही बिघडलं नाही, सुक्रालोजसोबत माल्टोडेक्स्ट्रिन पिणाऱ्यांत इन्शुलिनचा परिणाम मंदावला. ताईंनी सकाळी ज्या पुडीचं सांगितलं, तीच जोडी.

---

काळी_कसदार | २१ ऑगस्ट, दुपारी १२.१५

म्हणजे मी म्हणतो तेच. रसायनानं बिघडते.

---

शिकून_शेतीत | २१ ऑगस्ट, दुपारी १२.४०

@काळी_कसदार, घाई नका करू. इस्रायलवाले सगळे निरोगी होते आणि प्रयोग दोन आठवड्यांचा. आपल्या देशातलं ऐका. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं टाइप-२ च्या १७९ रुग्णांवर १२ आठवडे पाहिलं, छापून आलं २०२४ मध्ये. अर्ध्यांनी चहा-कॉफीतली साखर काढून सुक्रालोज टाकलं, बाकीच्यांनी साखर सुरू ठेवली. तीन महिन्यांच्या साखरेत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. वजन आणि कंबर सुक्रालोजवाल्यांची किंचित कमी झाली. बिघडलं नाही, पण चमत्कारही झाला नाही.

तिसरी गोष्ट, मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला हे गोडवे वापरू नका. ती सूचना ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हती. बातमीत हे वाक्य गळालं आणि आमच्या गावात चार जणांनी गोळ्या फेकून परत साखर सुरू केली.

---

पुण्यातला_अकोलेकर | २१ ऑगस्ट, दुपारी १.०५

सगळे एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा एक गोडवा) वापरा, विषय संपला. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तात साखर किती वेगानं चढते त्याचा आकडा, शून्य. मी केकमध्येही टाकतो.

---

संत्रापट्टा | २१ ऑगस्ट, दुपारी १.३०

दारव्ह्याच्या किराणा दुकानात जाऊन एरिथ्रिटॉल मागून पाहा एकदा. दुकानदार युरियाच्या गोणीकडं बोट दाखवंल.

आणि विषय तिथं संपत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त त्यांना हृदयविकार, पक्षाघात जास्त असं दाखवलं. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवते, म्हणून कारण तेच असं सिद्ध झालं नाही. पण हृदयाचा त्रास असलेल्या घरी मी तरी चमचे भरभरून टाकणार नाही.

---

दारव्ह्याचा_पोट्टा | २१ ऑगस्ट, रात्री ८.४५

सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही सांगितलं तसं पाहिलं.

काका वापरतात ती बारीक गोळी, कपाला एक. बाबांना गोळी कडवट लागते म्हणून ते डब्यातली पूड टाकतात, दोन चमचे. पुडीच्या मागं पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन. दूध अर्धं. टोस्ट दोन (भौ, तुम्ही जिंकले). काका चहा घेऊन थेट वावरात जातात, परतायला दहा वाजतात. बाबांचे गुडघे दुखतात, ते पेपर घेऊन बसतात. काका टोस्ट खात नाहीत, त्यांना दात नाहीत.

---

भौ_बोलते | २१ ऑगस्ट, रात्री ८.४८

सांगतलं होतं ना बाप्पा!! दात नाई म्हनून शुगर कंट्रोल. डॉक्टरलोकाईनं हा इलाज लिहून घ्या.

---

पीएचसीवाली_ताई | २१ ऑगस्ट, रात्री १०.२०

भौ, हसवता हो तुम्ही. पण आता हिशेब करू, नाहीतर सगळं पुडीवर ढकललं जाईल.

ही पूड हलकी असते. दोन चमच्यांत जेमतेम एक ग्रॅम माल असंल. टाइप-१ वाल्यांसाठी एक ढोबळ अंदाज वापरतात, की ७० किलोच्या माणसात १ ग्रॅम ग्लुकोजनं साखर ३-४ अंकांनी चढते. तुमच्या बाबांना तो तंतोतंत लागू नाही, त्यांचं शरीर इन्शुलिन बनवते. तरी अंदाज येतो. पुडीचे फार तर चार अंक. अर्ध्या कप दुधातली दुग्धशर्करा साधारण चार ग्रॅम. दोन टोस्टांत मैदा आणि साखर मिळून १५ ग्रॅमच्या घरात. म्हणजे ४०-५० च्या चढीत सगळ्यात मोठा वाटा टोस्टचा. पाकिटावर "शुगर-फ्री" लिहिलेला टोस्ट किंवा बिस्किट आणलं तरी मैदा आतच राहतो, आणि साखरेऐवजी बऱ्याचदा माल्टिटॉल असते, ज्यानं रक्तातली साखर साध्या साखरेपेक्षा कमी पण नक्की चढते.

काका चालतात हे विसरू नका. खाल्ल्यावर चालणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून पाय हलवणंही चालते, नुसतं बसण्यापेक्षा बरं.

---

शिकून_शेतीत | २१ ऑगस्ट, रात्री १०.५५

ताईंचा हिशेब पटला. तरी जीवाणूंचा मुद्दा त्यानं खोटा ठरत नाही. सुक्रालोजच्या बाबतीत प्रश्न एका कपाचा नाही, आठवडेभर घेतल्यावर बाकीच्या जेवणाची साखर कशी पचते याचा आहे. चहानंतर बोट टोचून ते दिसणारच नाही.

---

पीएचसीवाली_ताई | २१ ऑगस्ट, रात्री ११.०२

मान्य. पण आधी जे दिसते ते तर पाहू द्या. घरी करायचं असंल तर असं करा: एक सकाळ चहा बिनगोडाचा, टोस्ट नाही. एक सकाळ गोळीचा, टोस्ट नाही. एक पुडीचा, टोस्ट नाही. मग पुडी आणि टोस्ट. दूध मोजून तेवढंच, वेळ तीच, औषध त्याच वेळी. आदल्या रात्रीचं जेवणही सारखं ठेवा, नाहीतर रात्री वडाभात आणि सकाळी परीक्षा गोळीची, असं होते. प्रत्येक प्रकार दोन-तीनदा करा. एका आकड्यावर निकाल देऊ नका.

मशीनलाही चूक माफ असते. चांगल्या ग्लुकोमीटरला १०० च्या वर १५ टक्के इकडंतिकडं चालते, म्हणजे खरी साखर १४० असताना मशीन १२० किंवा १६० दाखवू शकते. दहा-बारा अंकांच्या फरकावरून भांडू नका. पट्ट्यांची डबी चुलीजवळच्या फळीवर ठेवत असाल तर उचला. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या घरात ४५ होते. माठाजवळच्या ओल्या कोपऱ्यातही नको, फ्रिजमध्येही नको. कपड्यांच्या कपाटात, झाकण घट्ट लावून.

---

झाडीतला_माणूस | २२ ऑगस्ट, सकाळी ६.५०

गडचिरोलीकडून. एक गोष्ट कोणी बोललं नाही. आमच्या बाजूला, आणि यवतमाळ-चंद्रपुरातही, बऱ्याच घरांत सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, आहे. माझ्या मोठ्या भावाची एचबीएवनसी कायम छान यायची आणि बोटाची साखर कायम जास्त. तो खुश, "तीन महिन्यांची बरोबर आहे" म्हणून. मग एका डॉक्टरनं विचारलं, घरात सिकल आहे का?

सिकलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात. नेहमीची पेशी १२० दिवस जगते, तिच्यावर तेवढे दिवस साखर चढत जाते, म्हणून ती तपासणी तीन महिन्यांची म्हणतात. पेशीच थोडे दिवस जगली तर साखर चढायला वेळ मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. नुसता वाहक असंल तरी काही मशीनींत आकडा हलतो. शुगर-फ्रीनं फायदा झाला की तोटा, हे त्या एका आकड्यावर ठरवणाऱ्यानं हे आधी पाहावं. अशा वेळी फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी करता येते, नाहीतर बोटाचेच आकडे वहीत लिहायचे.

---

संत्रापट्टा | २२ ऑगस्ट, सकाळी ७.१५

हे फार कामाचं लिहिलं. शहरातल्या कुठल्या धाग्यावर हे वाचलं नव्हतं.

---

कारंज्याची_काकू | २२ ऑगस्ट, दुपारी २.३०

पुरणाचं मी सांगते, बाकीचे विसरलेत. ॲस्पार्टेमची गोळी पुरणात शिजवू नको बाबा, उकळीत तिची गोडी जाते. सुक्रालोज शिजवलं तरी गोड राहते, पण त्यानं पुरणाला ओढ येत नाही, गुळासारखं घट्ट होत नाही. मी यांच्यासाठी डाळ जास्त आटवते, जायफळ-वेलची सढळ टाकते आणि गोडी अर्धीच ठेवते.

पण खरं सांगू का, गोळीनं पुरण "शुगर-फ्री" होत नाही. हरभऱ्याची डाळ आहे, वरून कणिक. एक पोळी, तूप घालून, सोबत कढी आणि भाज्या. सोळा भाज्या असतातच की नैवेद्याला, त्या आधी वाढ. आंबिलीचा वाटा लहान कर. माझे मिस्टर शुगर-फ्रीच्या नावावर तीन पोळ्या मागतात, तिथं मी थांबवते.

आणि बाजारातली शुगर-फ्री मिठाई वाटू नको पाहुण्यांना. मागच्या दिवाळीत आमच्या घरी काजूकतली आली होती, माल्टिटॉलवाली. पाकिटावर बारीक लिहिलं असते की पोट सुटू शकते. चष्मा लावून वाचते कोण? नंदेच्या घरी संडास एक अन् माणसं अकरा.

---

भौ_बोलते | २२ ऑगस्ट, दुपारी २.३४

काकू, बस करा, मी जेवाले बसलो.

---

आशाताई_वाशीम | २२ ऑगस्ट, रात्री ९.००

मला एक महत्त्वाचं सांगायचं आहे, कारण दारव्ह्याच्या भाऊंच्या बाबांना ग्लिमेपिराइड आहे. त्या गोळीनं साखर खालीही जाते, खास करून उपवासाला किंवा जेवण लांबलं की. आमच्या गावात एका आजोबांना घाम फुटला, हातपाय थरथरले. सुनेनं घाईघाईनं चहा दिला, रोजच्या सवयीनं शुगर-फ्री टाकून! तो चहा दहा वेळा पाजला तरी उपयोग शून्य. साखर ७० च्या खाली गेली की खरी साखर पाहिजे, तीन-चार चमचे पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज सुरू असेल तर साधी साखर देऊनही रक्तातली साखर पटकन चढत नाही, कारण ती गोळी साखर फोडू देत नाही. त्यांच्या घरी ग्लुकोजची पुडी ठेवा. शुगर-फ्रीचा डबा आणि साखरेचा डबा वेगवेगळ्या रंगाचे ठेवा.

---

काळी_कसदार | २२ ऑगस्ट, रात्री ९.२५

हे पटलं. तेवढ्यासाठी तरी घरात गूळ ठेवाच.

---

शिकून_शेतीत | २२ ऑगस्ट, रात्री ९.४०

@काळी_कसदार, शेवटी गूळ घुसवलाच तुम्ही.

अवांतर: सॅकरिनचा शोध १८७९ चा. फालबर्ग नावाचा रसायनवाला प्रयोगशाळेतून हात न धुता जेवायला बसला आणि पाव गोड लागला. संत्र्याच्या बोटांवरून आठवलं.

---

दारव्ह्याचा_पोट्टा | ३१ ऑगस्ट, रात्री ८.१०

ताईंनी सांगितलं तसं केलं. आकडे बाबांचे, चहाआधीपासून दीड तासानं किती चढली ते:

बिनगोडाचा चहा, टोस्ट नाही: १० ते १८.
गोळीचा, टोस्ट नाही: ९ ते २०.
पुडीचा, टोस्ट नाही: १४ ते २५.
पुडी आणि दोन टोस्ट: ३८ ते ५५.

बाबांचं म्हणणं, पुडी आणि गोळीत फरक दिसूनच राहिला. मी म्हटलं, मशीनच्या चुकीत जाते तेवढं. आईचं म्हणणं, काकाले टोस्ट खाऊ घालून पाहा. काकांना दुधात बुडवून दोन टोस्ट दिले आणि वावरात जाऊ दिलं नाही. ३३ चढली. काका दिवसभर चिडून होते.

---

शिकून_शेतीत | ३१ ऑगस्ट, रात्री ८.३०

उत्तम. पण बाबा आधीपासून पुडी घेत होते, म्हणून जीवाणूंचा काही परिणाम असेल तर तो सगळ्याच आकड्यांत मिसळलेला आहे. पुडी महिनाभर पूर्ण बंद करून परत बिनगोडाचा चहा मोजला तर काही कळेल.

---

पीएचसीवाली_ताई | ३१ ऑगस्ट, रात्री ९.१५

करायला हरकत नाही, पण त्यासाठी पट्ट्यांवर किती खर्च करायचा तेही पाहा. मी असते तर टोस्ट बंद केला असता, गोळी किंवा बिनगोड जे जमेल ते ठेवलं असतं, आणि हीच वही डॉक्टरांना दाखवली असती. टोस्ट बंद झाल्यावर सकाळी ग्लिमेपिराइड जास्त होऊ शकते. मात्रा स्वतःच्या मनानं कमी करू नका, विचारा. आठवडाभर अकराच्या सुमारासही एकदा साखर पाहा.

---

दारव्ह्याचा_पोट्टा | ३१ ऑगस्ट, रात्री ९.२२

हो ताई, सोमवारी तालुक्याला नेतोच. टोस्टऐवजी काय द्यावं? रिकाम्या चहाला बाबा तयार नाहीत.

---

कारंज्याची_काकू | ३१ ऑगस्ट, रात्री ९.३१

मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे दे. मुरमुरे नको, ते हलके दिसतात पण तांदूळच आहे.

---

नवी_सदस्य_पुसद | १ सप्टेंबर, सकाळी ८.०५

धागा वाचला. माझ्या आईला इन्शुलिन सुरू आहे आणि ती स्टीव्हियाचे थेंब घेते. थेंबांतही माल्टोडेक्स्ट्रिन असते का?

---

पीएचसीवाली_ताई | १ सप्टेंबर, सकाळी ८.४०

थेंब पातळ असतात, फुगवायची गरज नसते, म्हणून बहुधा नाही. तरी बाटलीवरचं वाचा. इन्शुलिन कोणतं आणि कधी घेतात ते लिहून वेगळा धागा काढा, इथं हरवेल.